आठांपैकी सात

आबांनी लढाऊ विमान निवडलं नाही.
पुस्तकात चांगली होती, पोलंडहून आणलेली,
घारीसारखे खांदे वर उचललेली.
"ती सगळेच करतात," म्हणाले,
आणि बोट ठेवलं एका म्हाताऱ्या दुपंखी विमानावर:
वरचा पंख लांब, खालचा आखूड,
थोरल्याच्या हाताखाली धाकटा उभा असावा तसा.

त्याचं कीट कुठेच मिळत नाही.
म्हणून माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा पुठ्ठा,
बोहरी आळीतून आणलेली केसाइतकी तार,
आणि हडपसरच्या दोन खोल्यांत
आठ दिवस फेव्हिकॉलचा वास.
पंखाच्या पोटाशी अजून वाचता येतं:
आमचे येथे श्रीकृपेकरून.

ग्रीस कुठे, आपण कुठे, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"अठ्ठावीस ऑक्टोबर, एकोणीसशे चाळीस. तिकडे लढाई लागली.
इकडे दिवाळीचा आठवडा, त्यातच मी झालो.
आई म्हणायची, आभाळ इतकं स्वच्छ होतं
की पणत्यांनाही कशाची भीती नव्हती.
पुढे शिमला ऑफिसात लागलो,
पहिल्याच महिन्यात जुनी वही काढून बघितली.
पुणे, ढग शून्य. आई खरं बोलत होती.
मग वाटलं, त्या दिवसांत
दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर काय होतं?"

दुसरीकडे, पिंडसच्या डोंगरांवर,
आबांच्या हिशेबाने आठांपैकी सात.
आभाळाचे आठ भाग करायचे,
किती झाकलेत ते सांगायचं,
हेच काम त्यांनी चौतीस वर्षं केलं,
मान वर, पेन्सिल कानावर.
समोरच्यांची विमानं जास्त, नवी,
पण पावसाने तळावर बसवलेली.
आणि हे, उघड्या बैठकीचं, खोकत निघायचं
उरलेल्या एका भागातून.
पुढे चालवणारा. मागे बघणारा.
मागच्याने फक्त बघायचं.
दरीत सरकणारी रेघ ओढ्याची की खेचरांची,
खेचरं असतील तर किती, कुठल्या वाटेने.
हातमोजा काढायचा, लिहायचं,
बोटं आखडायच्या आत.
"त्याने चुकीचं लिहिलं
की खाली अख्खी पलटण चुकीच्या वाटेला,"
हे आबा जरा हळू म्हणाले.
मागच्या माणसाला त्यांनी काडेपेटीतल्या काडीतून कोरलं,
गुलासकट. काळं डोकं, तोंड शेपटीकडे.

मग एकाहत्तर आलं, न विचारता.
डिसेंबर, लोहगाव, रात्रपाळी.
फुग्याला कागदी कंदील, कंदिलात मेणबत्ती,
उजेड दिसेनासा होईपर्यंत
दुर्बिणीतून वारा मोजायचा.
"कंदील ढगात शिरला की ढगाची उंची कळते.
त्या रात्री मला वाटलं, मेणबत्ती विझली.
मी शून्य लिहिलं."

कोण उडालं त्यानंतर, मी विचारलं नाही.
ते पंखांमधली तार ओढत होते.
तार दोनदा तुटली.
"आला परत," तिसऱ्यांदा बांधताना म्हणाले,
"पहाटे. साल्ढाणा म्हणून होता, मंगळूरकडचा.
टिळेकर कोण, विचारत खोलीत आला.
वही बघितली. काही बोलला नाही.
माझ्याच पेन्सिलने शून्य खोडलं,
सात लिहिलं,
पेन्सिल परत माझ्या कानावर ठेवली."

निळ्यात पांढरं, पांढऱ्यात निळं,
वर्तुळं वाळल्यावर विमान गॅलरीत टांगलं,
दरवर्षी आकाशकंदील लागतो त्या खिळ्याला.
दहाच्या सुमाराला लोहगावची सुखोई घरावरून गेली,
मांडणीतली ताटं वाजली,
पुठ्ठ्याचं विमान दोऱ्यावर फिरत राहिलं.
मागचा माणूस घडीत दिवेघाटाकडे बघायचा,
घडीत आमच्याकडे.

आबा बाहेर आले. मान वर.
"तीन," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.
"नाही, चार लिही."
मी कॅलेंडरच्या चौकोनात चार लिहिलं,
पेनने नाही.